ऑस्ट्रेलियाची पहिली सहल: आधी महिना, मग नकाशा

ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदाच निघालेल्या कुटुंबाची आखणी बहुधा एका कागदापासून सुरू होते. त्यावर सिडनी, मेलबर्न, ग्रेट बॅरिअर रीफ, उलुरू, टास्मानिया आणि जमलेच तर पर्थ अशी नावे एकाखाली एक लिहिली जातात, प्रत्येकापुढे दोन-तीन दिवस टाकले जातात आणि पंधरा दिवसांत सगळे बसले म्हणून समाधान मानले जाते. प्रत्यक्षात त्या पंधरांतले पाच-सहा दिवस विमानतळांवरच जातात आणि त्याहून वाईट म्हणजे यादीतले एखादे ठिकाण नेमके त्याच्या सर्वांत वाईट महिन्यात पदरात पडते. म्हणून या लेखातील क्रम थोडा वेगळा आहे. सुट्टी कोणत्या महिन्यात मिळते ते आधी पाहावे, त्या महिन्याला मानवणारे प्रदेश निवडावेत आणि त्यानंतरच दिवस, व्हिसा व तिकिटे यांकडे वळावे.

पहिली पायरी: अंतरांचा अंदाज घ्या

या देशाचे क्षेत्रफळ सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दुपटीहून अधिक आहे. लोकसंख्या मात्र पावणेतीन कोटींच्या आसपास असून तीही बहुतांशी किनाऱ्यालगत राहते. सिडनी ते पर्थ हे अंतर विमानाने सुमारे ३,३०० किलोमीटर असून जायला पाच तास लागतात. उत्तर टोकाचे डार्विन शहर तर सिडनीपेक्षा इंडोनेशियाच्या जकार्ताला जवळ आहे. सिडनी-पर्थ रेल्वेमार्ग ४,३५२ किलोमीटरचा असून त्यात नलारबॉरच्या माळावर ४७८ किलोमीटर रूळ एकही वळण न घेता सरळ जातात. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली, तरी ‘वाटेत ते पण करून घेऊ’ हा मोह बराच कमी होतो.

घड्याळाचाही एक तिढा आहे. हिवाळ्यात देशात तीन प्रमाणवेळा असतात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, टास्मानिया, साउथ ऑस्ट्रेलिया आणि राजधानीचा प्रदेश येथे घड्याळे एक तास पुढे जातात व एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतात, पण क्वीन्सलंड, नॉर्दर्न टेरिटरी आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया यांत सहभागी होत नाहीत. त्यामुळे उन्हाळ्यात मुख्य भूमीवर पाच वेगवेगळ्या वेळा चालू असतात आणि सिडनीहून क्वीन्सलंडमधील केर्न्सला जाणारे विमान तिकिटावर एक तास कमी घेत असल्यासारखे दिसते. पुढचे विमान किंवा बोट पकडायची असेल तेव्हा हा फरक कागदावर लिहून ठेवावा.

दुसरी पायरी: महिन्यावरून प्रदेश निवडा

डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा आणि जून ते ऑगस्ट हिवाळा, हे दक्षिण गोलार्धाचे गणित बहुतेकांना ठाऊक असते. पण ते देशाच्या दक्षिण अर्ध्या भागालाच नीट लागू पडते. उत्तरेत व्यवहारात दोनच ऋतू आहेत: मे ते ऑक्टोबर कोरडा आणि नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळी. (डार्विनजवळच्या काकाडूच्या प्रदेशातील मूळ रहिवासी वर्षाचे सहा ऋतू मानतात. वसंत-ग्रीष्म-वर्षा मोजणाऱ्या आपल्यासारख्यांना हे मुळीच परके वाटणार नाही.) मधला वाळवंटी भाग यांहून निराळा आहे. तेथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तर जून-जुलैच्या रात्री तो शून्याखाली उतरू शकतो.

आपल्याकडच्या सुट्ट्यांचा या वेळापत्रकाशी मेळ घातला, तर चित्र असे दिसते. मे महिन्याची सुट्टी उत्तरेसाठी आणि मध्य भागासाठी उत्तम आहे. पाऊस संपलेला असतो, उलुरू या प्रचंड खडकाभोवती चालणे सुखाचे होते आणि केर्न्सच्या समुद्रातील विषारी जेलीफिशचा हंगाम ओसरू लागलेला असतो. मेलबर्न आणि टास्मानियात मात्र दिवस लहान व थंडी बोचरी असते. दिवाळीच्या सुमारास दक्षिणेत वसंत असतो, त्यामुळे सिडनी, मेलबर्न व ॲडलेड यांच्यासाठी तो काळ फार चांगला. उलुरू त्या वेळी तापू लागलेले असते, तरी पहाटे लवकर उठायची तयारी असेल तर जमते. नाताळची सुट्टी टास्मानिया आणि दक्षिण किनाऱ्याची. तेव्हा डार्विन-काकाडूकडे पहिल्याच सहलीत फिरकू नये, कारण मुसळधार पावसाने तेथील रस्तेच बंद होतात. शिवाय डिसेंबरअखेर ते जानेवारी ही ऑस्ट्रेलियातील शाळांची मोठी सुट्टी असल्याने मुक्कामाचे दर चढतात आणि किनाऱ्यावरील गावांत खोल्या काही महिने आधीच भरतात.

तिसरी पायरी: प्रत्येक प्रदेशात नेमके काय पाहायचे ते ठरवा

आग्नेय कोपरा, म्हणजे सिडनी आणि मेलबर्नचा टापू, पहिल्या सहलीत टाळता येत नाही आणि टाळूही नये. सिडनीचे ऑपेरा हाउस डॅनिश वास्तुविशारद यॉर्न उट्झन यांच्या आराखड्यावरून उभे राहिले व २० ऑक्टोबर १९७३ रोजी खुले झाले. छायाचित्रांतून ते पांढरे शुभ्र दिसते, पण जवळ गेल्यावर कळते की छताच्या फरशा चकचकीत आणि मंद अशा दोन छटांच्या आहेत. त्यामुळे सकाळी आणि सायंकाळी छताचा रंग एकसारखा राहत नाही. महागड्या पर्यटन नौकेऐवजी मॅन्ली या उपनगराला जाणारी नेहमीची फेरीबोट घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. रोज कामावर जाणाऱ्यांच्या शेजारी बसून ऑपेरा हाउस आणि १९३२ मध्ये खुला झालेला हार्बर ब्रिज हे दोन्ही पाण्यावरून दिसतात, आणि साधे बँकेचे कार्ड यंत्राला टेकवले की भाडे भरले जाते. ब्लू माउंटन्स या डोंगराळ भागासाठी कटूंबा गावापर्यंत लोकल गाडी जाते. दोन तासांचा प्रवास असल्याने खासगी सहलीची गरज पडत नाही.

मेलबर्नहून दोन गोष्टी कराव्यात. पहिली म्हणजे ग्रेट ओशन रोड. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात बांधलेला हा सुमारे २४० किलोमीटरचा किनारी रस्ता एका दिवसात जाऊन-येऊन करण्याचा प्रघात आहे. तो मोडावा आणि वाटेत एक रात्र मुक्काम करावा. ‘ट्वेल्व्ह अपोसल्स’ या चुनखडीच्या सुळक्यांवर दुपारी बसगाड्यांची झुंबड असते, तर सकाळी लवकर तेथे वारा आणि लाटा यांखेरीज फारसे कोणी नसते. नावात बारा असले तरी तेथे बारा सुळके कधीच नव्हते आणि त्यांतलाही एक २००५ मध्ये डोळ्यांदेखत ढासळला. दुसरी गोष्ट म्हणजे फिलिप आयलंडवरील पेंग्विन. अंधार पडताना जेमतेम वीतभर-दीड वीत उंचीचे हे पक्षी लाटेतून वाळूवर येतात, घोळक्याने थबकतात, एखादा बिचकून पाण्याकडे पळतो तसे सगळेच मागे फिरतात, आणि शेवटी धीर करून पायवाटेशेजारून आपापल्या बिळाकडे तुरुतुरु जातात. तेथे छायाचित्रणास मनाई आहे. मुलांना हे आधीच सांगून ठेवावे. मनाईचा फायदाही होतो, कारण दोन तास सगळेजण खरोखर पाहत बसतात.

या दोन शहरांच्या मध्ये राजधानी कॅनबेरा आहे. युद्धस्मारक आणि संसदभवन यांत रस असेल तरच तेथे जावे. मात्र एक गोष्ट सांगण्यासारखी आहे: या शहराची आखणी करणारे अमेरिकी वास्तुविशारद वॉल्टर बर्ली ग्रिफिन आयुष्याच्या अखेरीस भारतात आले, १९३७ मध्ये लखनौ येथे त्यांचे निधन झाले आणि त्यांची कबरही तेथेच आहे.

ईशान्येला क्वीन्सलंडच्या किनाऱ्याला समांतर पसरलेली ग्रेट बॅरिअर रीफ ही प्रवाळांची रांग सुमारे २,३०० किलोमीटर लांब आहे. तिला एक ‘ठिकाण’ समजणे हीच पहिली गफलत. नवख्या प्रवाशाने केर्न्स किंवा पोर्ट डग्लस येथे मुक्काम करावा. तेथून बाह्य प्रवाळाकडे जाणाऱ्या बोटी साधारण दीड-दोन तासांत पोहोचतात. पोहता येत नाही म्हणून अनेकजण हा बेतच रद्द करतात, पण तसे करण्याचे कारण नाही. काचेच्या तळाच्या होड्या, अर्धवट पाण्याखाली जाणाऱ्या नौका आणि तरंगणारे फलाट यांची सोय मोठ्या बोटींवर असते, तर ग्रीन आयलंड केर्न्सपासून पाऊण तासावर आहे. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी घ्यावी, मळमळू लागल्यावर घेऊन उपयोग नसतो. मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी बोट ठेवावी, म्हणजे वाऱ्यामुळे ती रद्द झाली तर दुसरा दिवस हाताशी राहतो. स्कूबा करणार असाल तर त्यानंतर विमान पकडण्याआधी पूर्ण एक दिवस जमिनीवर काढावा. केर्न्सच्या उत्तरेचे डेन्ट्री हे जगातील अतिप्राचीन वर्षावनांपैकी एक असून तेथे प्रवाळ आणि जंगल अक्षरशः एकमेकांना खेटून आहेत.

उलुरूबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तेथे जाऊन निराश होणारे लोक बहुधा एका रात्रीसाठी गेलेले असतात. मैदानातून ३४८ मीटर उठलेला हा वालुकाश्म दुरून गुळगुळीत दिसतो. जवळून पाहिला की त्याचा पृष्ठभाग लोखंड गंजावे तसा खवल्याखवल्यांचा असल्याचे लक्षात येते, आणि तो रंगही खरोखर दगडातील लोह गंजल्यामुळेच आलेला आहे. खडकावर चढणे २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमचे बंद आहे. ही जागा येथील मूळ रहिवासी अनंगू लोकांची असून १९८५ मध्ये मालकी त्यांच्याकडे परत सोपवली गेली. चढण्याऐवजी पायथ्याची १०.६ किलोमीटरची प्रदक्षिणा करावी. प्रदक्षिणा हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. तीन-साडेतीन तासांच्या त्या चालीत मुटिजुलूचा पाणसाठा लागतो, गुहांच्या छतांवर जुनी चित्रे दिसतात आणि काही भागांत छायाचित्र न घेण्याची विनंती करणारे फलक येतात. ते फलक पाळावेत. उन्हाळ्यात ही चाल सकाळी अकराच्या आत संपवावी लागते. डोक्यावरून घ्यायची माश्यांची जाळी आधी हास्यास्पद वाटते, पण हवामान उबदार असेल तर अर्ध्या तासात तिची किंमत कळते. जवळच काटा ट्जुटा हे ३६ घुमटाकार खडकांचे जाळे आहे आणि अनेकांना ते उलुरूपेक्षाही अधिक आवडते. आणखी एक सूचना: ॲलिस स्प्रिंग्ज हे शहर म्हणजे उलुरू नव्हे. दोहोंत सुमारे ४५० किलोमीटरचे अंतर आहे, म्हणून विमान शक्यतो उलुरूच्या शेजारील एअर्स रॉक विमानतळाचेच घ्यावे.

उत्तरेकडे डार्विनपासून साधारण तीन तासांच्या अंतरावर जवळपास २०,००० चौरस किलोमीटरचे काकाडू राष्ट्रीय उद्यान आहे. उबिर येथील शैलचित्रे पाहून सायंकाळी तेथल्याच खडकावर बसावे. समोर पाणथळ माळ क्षितिजापर्यंत हिरवागार पसरलेला असतो. काकाडूतील काही धबधब्यांचे कच्चे रस्ते मे महिन्यातही उघडलेले नसतात, त्यामुळे जिम जिम धबधबा हवाच असेल तर जुलै-ऑगस्ट पाहावा.

टास्मानियाला किमान पाच दिवस द्यावेत, अन्यथा जाऊ नये. क्रेडल माउंटनवर एकाच दिवसात ऊन, पाऊस आणि गारा असे सगळे काही अनुभवाला येते, म्हणून भर उन्हाळ्यातही गरम कपडे जवळ हवेत. होबार्टचे मोना हे कलासंग्रहालय, पोर्ट आर्थरची कैद्यांची जुनी वसाहत आणि वाइनग्लास बे या तिन्ही गोष्टी गाडी असेल तरच निवांत पाहता येतात.

साउथ ऑस्ट्रेलिया पहिल्या सहलीत बहुधा राहून जाते. वन्यप्राण्यांची आवड असलेल्यांनी तेवढ्यासाठी कांगारू आयलंड ध्यानात ठेवावे. पश्चिम ऑस्ट्रेलिया हा तर दुसऱ्या सहलीचा विषय आहे. तरीही कोणाचे नातेवाईक पर्थला असतील तर रॉटनेस्ट बेटावरील क्वोका हे हसऱ्या चेहऱ्याचे छोटे प्राणी पाहावेत. मार्च ते जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावरील निंगालू या प्रवाळक्षेत्रात देवमाशाएवढ्या, पण निरुपद्रवी अशा व्हेल शार्कबरोबर पोहण्याची संधी असते. तेथे गेल्यावर केर्न्सची गर्दी आठवतही नाही.

चौथी पायरी: दिवस वाटा

साधा नियम असा: चौदा दिवसांत तीन तळ, फार तर चार. एका जागेहून दुसरीकडे विमानाने जाणे म्हणजे सामान आवरण्यापासून नव्या खोलीत पाय टेकेपर्यंत अख्खा दिवस गेला असे धरावे. मे महिन्यासाठी सिडनीत पाच रात्री, उलुरूला तीन आणि केर्न्सला पाच ही मांडणी नवख्यांना मानवते. नाताळसाठी मेलबर्नला चार, ग्रेट ओशन रोडवर एक, टास्मानियात सहा आणि शेवटी सिडनीत दोन-तीन रात्री ठेवाव्यात. आंतरराष्ट्रीय तिकीट एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतण्याचे काढले, तर परतीसाठी मागे यावे लागत नाही आणि देशांतर्गत एक तिकीट वाचते.

पाचवी पायरी: व्हिसा आणि तिकिटे

भारतीय पारपत्रधारकांना पर्यटनासाठी सहसा ६०० वर्गाचा व्हिजिटर व्हिसा घ्यावा लागतो. अर्ज शासकीय संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो. बँकेचे व्यवहारपत्रक, नोकरी-व्यवसायाचा पुरावा, रजेचे पत्र आणि प्रवासाचा आराखडा ही कागदपत्रे नीट स्कॅन करून जोडावीत. तुम्ही परत याल याची खात्री पटवणे हा त्या सर्व कागदांचा हेतू आहे, हे ध्यानात ठेवून अर्ज भरला की काय जोडायचे ते आपोआप उमगते. पारपत्रावर शिक्का किंवा चिकटपट्टी येत नाही. मंजुरीचे पत्र ई-मेलने येते. त्यावर किती दिवस राहता येईल आणि किती वेळा प्रवेश करता येईल हे लिहिलेले असते, ते बारकाईने वाचावे. परत न होणारी तिकिटे व्हिसा हाती येईपर्यंत काढू नयेत. देशांतर्गत विमानांत सामानाची मर्यादा वेगळी असते आणि स्वस्त तिकिटात मोठ्या बॅगेचा समावेश बहुधा नसतो, म्हणून ती तिकीट काढतानाच जोडून घ्यावी. विमानतळावर त्याच बॅगेचे पैसे बरेच जास्त पडतात.

सहावी पायरी: सामान, आणि त्यातले डबे

येथे आपली माणसे हमखास अडखळतात. बाहेरचे रोग आणि कीड यांपासून शेती व वन्यजीवन जपण्यासाठी ऑस्ट्रेलियाची जैवसुरक्षा तपासणी अतिशय कडक आहे. प्रवेशाच्या अर्जात खाद्यपदार्थांबद्दल विचारलेले असते आणि तेथे ‘होय’ लिहायला घाबरू नये. पदार्थ जाहीर करणे हा गुन्हा नाही. लपवणे हा गुन्हा आहे, त्यासाठी जागेवर दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. ताजी फळे, भाज्या, कढीपत्ता, बियाणे आणि घरचे मांस-अंडी यांचा विचारही करू नये. दुधापासून बनलेले पेढे-बर्फी घरीच खाऊन निघावे. माझ्या बॅगेत मेतकुटाचा एक डबा होता आणि मी तो जाहीर केला. अधिकाऱ्याने झाकण उघडले, हुंगले, ‘हे भाजलेले आहे का?’ एवढे विचारले आणि डबा परत केला. शेजारच्या रांगेतल्या गृहस्थांनी काहीच जाहीर केले नव्हते. त्यांची बॅग एका कुत्र्यासमोरून गेली आणि पुढचा पाऊण तास त्यांना तेथेच थांबावे लागले. पदार्थ बाजारातून घेतलेले, सीलबंद आणि घटकांची इंग्रजी यादी छापलेले असावेत, आणि सर्व एकाच पिशवीत वरच्या बाजूला ठेवावेत. औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी हवी. राज्याराज्यांत फळमाशीमुळे फळे नेण्यावरही बंधने आहेत. त्यामुळे मेलबर्नला घेतलेले सफरचंद होबार्टला उतरण्याआधी संपवावे लागते.

आपली प्लग-पिन तेथे बसत नाही, म्हणून ॲडॅप्टर सोबत घ्यावा. नळाचे पाणी पिण्याजोगे असते, त्यामुळे एक बाटली बरोबर ठेवली की तीच भरून घेत सहल होते.

सातवी पायरी: गाडी चालवायची असेल तर

गाडी डाव्या बाजूने चालते, ही मोठी सोय आहे. इंग्रजी मजकूर असलेला भारतीय परवाना पर्यटकांना सामान्यतः चालतो, तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवल्यास भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर वाद होत नाहीत. मागे बसलेल्यांनाही सीटबेल्ट सक्तीचा आहे आणि लहान मुलांसाठी वेगळे आसन लागते. ते आगाऊ मागून घ्यावे. वर्तुळाकार चौकात आत असलेल्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे, हा नियम तेथे कागदावरचा नाही. वेगमर्यादा शहरात बहुधा ताशी ५० आणि महामार्गावर १०० ते ११० किलोमीटर असते. थोडीशीही ओलांडली तरी कॅमेरा टिपतो आणि दंडाची पावती तुम्ही मायदेशी परतल्यावर पोहोचते.

शहराबाहेर सूर्यास्तानंतर गाडी चालवू नये. कांगारू आणि त्यांच्यासारखेच पण लहान वॉलबी त्याच वेळी रस्त्यावर येतात, दिव्यांनी दिपून मध्येच उभे राहतात आणि धडकेत गाडीचा चेंदामेंदा होऊ शकतो. गाडीच्या करारातील बारीक अक्षरे वाचावीत. कच्च्या रस्त्यांवर विमा लागू नसतो आणि काही दुर्गम भागांत रात्रीच्या वेळीही नसतो. मध्य भागात पेट्रोल दिसेल तेथे भरावे, अर्धी टाकी आहे म्हणून पुढे जाऊ नये.

आठवी पायरी: समुद्र आणि ऊन

ऑस्ट्रेलियातील उन्हाचा चटका हवा थंड असतानाही बसतो, कारण अतिनील किरणे तापमानावर अवलंबून नसतात. ‘आपली त्वचा सावळी, आपल्याला काही होत नाही’ हा समज टोपी आणि सनस्क्रीन विसरायला लावतो आणि दुसऱ्या दिवशी खांदे सोलतात.

समुद्रात फक्त लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच उतरावे. झेंडे जीवरक्षक लावतात आणि प्रवाह बदलला की ते हलवतातही, म्हणून सकाळी पाहिलेली जागा दुपारी तीच असेलच असे नाही. ओढ बसून खोल पाण्याकडे जाऊ लागल्यास सरळ किनाऱ्याकडे झगडत पोहू नये. तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी आणि शक्ती असेल तर किनाऱ्याला समांतर सरकून ओढीतून बाहेर पडावे. आणीबाणीचा क्रमांक ००० आहे. उत्तरेकडील किनारे, खाड्या आणि नदीकाठ यांना हे नियमही पुरत नाहीत, कारण तेथे खाऱ्या पाण्यातील मगरी असतात. मगरीचे चित्र असलेला पिवळा फलक दिसला की पाय भिजवण्यासाठीही पाण्याजवळ जाऊ नये, आणि फलक दिसला नाही तर आधी स्थानिकांना विचारावे.